अभ्यासाची सोय : उत्तम

शिक्षक घरी येणार म्हटल्यावर जी धांदल उडते, ती पाहुण्यांसाठी उडत नाही आणि पोलिसांसाठीही नाही. पाहुण्यांपासून पसारा लपवतात, पोलिसांपासून माणूस लपवतात. शिक्षकांपासून मात्र दोन्ही लपवावं लागतं. पसारा तर लपवतातच, शिवाय ज्याच्यासाठी शिक्षक आले तो चिरंजीवही मागच्या दाराने पसार झालेला असतो. हे मी अनुभवाने सांगते. गणिताची शिक्षिका म्हणून नोकरीत होते तोवर जवळजवळ प्रत्येक शनिवारी दुपारी मी लोकांच्या घरी जाऊन बसले आहे.

याला आमच्या धंद्यात गृहभेट म्हणतात. वर्गशिक्षिकेने आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी जावं, आईवडिलांशी बोलावं, घरची परिस्थिती बघावी आणि वहीत नोंद करावी, असा तो प्रकार. बरेच शिक्षक ही वही मार्च महिन्यात, स्टाफरूममध्ये, चहा पिता पिता एका बैठकीत भरतात. मी खरोखर जात असे. याचा मला इतका अभिमान होता की, कुणी विचारलं नाही तरी मी तो विषय काढत असे.

आमची शाळा विरार पश्चिमेला, आगाशीच्या वाटेवर. मराठी माध्यमाची. मी मूळची साताऱ्याकडची. नवऱ्याची नोकरी मुंबईत म्हणून आम्ही वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला होता. माझ्या वर्गात आगाशीच्या वाडीवाल्यांची मुलं होती, किनाऱ्याकडच्या कोळ्यांची होती, आजूबाजूच्या गावांतली कॅथलिक मुलं होती आणि स्टेशनजवळच्या चाळीत नव्याने आलेल्यांचीही होती. अर्धा वर्ग मला बाई म्हणायचा, अर्धा टीचर. माझ्या तोंडून चुकून 'लई' गेलं की दोन्ही अर्धे एकत्र हसायचे. यांच्या घरी गेलं तरी हसायची पाळी माझी नसे. घरातली माणसं आपापसात आपल्या बोलीत बोलू लागली की मला त्यातलं फक्त 'टीचर' कळायचं. पुढचं कौतुक आहे की तक्रार, ते पोराच्या चेहऱ्यावरून ताडायचं.

तऱ्हेतऱ्हेचे पालक भेटले. आगाशीचे एक केळीवाले गृहस्थ मला तासभर सुकेळी कशी करतात ते समजावत बसले. केळी सोलायची, उन्हात वाळवायची, रोज उलटायची, पानात बांधायची, सगळं. मुलाबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला : तो वर्गात कुणाशेजारी बसतो? मी नाव सांगितलं. तर त्या घराशी यांचा विहिरीवरून जुना वाद! सोमवारी बाक बदलावा लागला. आणि कोळीवाड्यातली एक आई तर मी चप्पल काढायच्या आत म्हणाली, "बाई, पानी नंतर देते, आधी माझं आयका. त्याला मारा तुमी. पन डोक्यावर नको. डोक्यानं त्याला गनित करायचंय." इतका शास्त्रशुद्ध विचार मी डी.एड.-बी.एड. केलेल्यांकडूनही ऐकला नव्हता.

तर हे असं छान चाललं होतं. बिघडवलं ते मीच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. माझ्याकडे नववी 'ब' होती आणि हाच वर्ग पुढे दहावीलाही माझ्याकडेच येणार होता. नववीच्या सुरुवातीला मी वर्गात अभ्यासाच्या जागेवर एक व्याख्यान दिलं. प्रत्येक घरात मुलासाठी एक कोपरा हवा, तिथे टेबल हवं, टेबलावर दिवा हवा, भिंतीवर वेळापत्रक हवं, वगैरे. दहा जणांच्या कुटुंबात कोपरे चारच असतात, हे गणिताच्या बाईच्या लक्षात आलं नाही. वर मी माझ्या वहीत एक नवा रकाना आखला : 'अभ्यासाची सोय'. त्यात तीनपैकी एक शेरा द्यायचा. नाही, साधारण, उत्तम.

पहिल्या महिन्यात सगळे शेरे 'नाही'. मी हिरमुसले. वर्गात तसं बोललेही. आणि पुढच्या महिन्यापासून चमत्कार झाला. ज्या घरी जावं त्या घरी टेबल! टेबलावर दिवा! भिंतीवर वेळापत्रक! मी भराभर 'उत्तम' लिहीत सुटले. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे ते 'उत्तम' दिसायचंही उत्तम.

आता वाचकांना वाटेल की, बाईंना दिसत कसं नव्हतं? दिसत होतं हो. टेबल सगळीकडे घडीचं होतं, निळ्या सनमायकाचं, आणि उजव्या कोपऱ्यात इस्त्रीचा तिकोनी करपलेला डाग. पण मी राहत होते एव्हरशाईन सिटीत. तिथे साऱ्या बिल्डिंगीत एकसारखी दारं, एकसारख्या लाद्या. शेजारणीच्या घरात, ते आपलंच समजून, मी एकदा चहाचं आधण ठेवलं होतं. सगळ्यांकडे निळं टेबल असेल तर त्यात काय नवल? आणि टेबल आलं की बायका त्याच्यावर इस्त्री करणारच. डागाचंही मी असं समाधान करून घेतलं. भूमितीत मुलांना मी पक्ष, साध्य आणि सिद्धता लिहायला लावायचे. इथे पक्ष : टेबल आहे. साध्य : अभ्यास होतो. सिद्धतेच्या जागी मी थेट शेरा लिहून मोकळी होत होते.

हेडमास्तरांनी माझी वही स्टाफ मीटिंगमध्ये उंच धरून दाखवली. "गृहभेट अशी करतात," म्हणाले. मार्चमध्ये वही भरणाऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला तेव्हा फार आवडली.

दहावीच्या ऑगस्टमध्ये मी फिलोमिनाच्या घरी गेले. ही मुलगी बोलायला कमी, गणितात मध्यम, पण चिकाटीची. तिला नर्स व्हायचं होतं. गावात ती कुणालाही खरचटलं तरी पट्टी बांधायला धावायची. काहींना नको असताना बांधायची. तिचे वडील बस्त्याव लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि उरलेल्या वेळात थोडी भाजीची शेती करायचे. घर मंगलोरी कौलांचं, पुढे एक मोठी खोली आणि मागे स्वयंपाकघर, एवढंच. माणसं सात. पण मोठ्या खोलीत निळं टेबल होतं, दिवा होता, वेळापत्रक होतं. शिवाय मधोमध एक गोल टीपॉय होता, त्यावर विणलेला पांढरा रुमाल, त्यावर बिस्किटांची बशी. मी चहाचा कप त्यावर ठेवला तेव्हा आतून 'धुम्म' असा आवाज आला. लाकूड पोकळ असावं, असं मी मनात म्हटलं.

दीड तास बसले मी तिथे. बस्त्यावभाऊंनी बँडबरोबर हिंडतानाच्या लग्नांचे, हरवलेल्या नवरदेवाचे असे किस्से सांगितले की हसून हसून पोट दुखलं. फिलोमिनाच्या आईने निघताना दुधीभोपळा दिला. मी शेरा लिहिला, उत्तम.

दिवाळीनंतर शाळेने दहावीसाठी अभ्यासिका सुरू केली. म्हणजे काय, तर संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक वर्ग साडेआठपर्यंत उघडा ठेवायचा, दिवे लावायचे, एका शिक्षकाने बसायचं. जागा तीसच. ज्यांच्या घरी सोय नाही, त्यांनाच घ्यायचं असं ठरलं. हे ठरवायचं कशावरून? तर हेडमास्तर म्हणाले, "बाईंची वही आहे ना!" मला वाटलं, आता माझ्या पायपिटीचं चीज झालं. माझे पहिल्या महिन्यातले 'नाही'वाले आणि दुसऱ्या तुकड्यांतली मुलं मिळून तीस जागा भरल्या; 'उत्तम'वाले सगळे आपोआप बाहेर राहिले. त्यांच्यापैकी एकानेही तक्रार केली नाही, ते मला तेव्हा समजूतदारपणाचं लक्षण वाटलं.

त्यानंतर फिलोमिनाचं गणित घसरू लागलं. चाचणीत अठ्ठेचाळीस होते तिथे चौतीस, मग सत्तावीस. जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेला मी पर्यवेक्षणाला होते. ही मुलगी पेपर लिहिता लिहिता डाव्या हाताच्या बोटांनी बाकावर ताल धरत होती. टक-टक-टकटक. मी जाऊन हात धरला तर दचकली. आपण वाजवत होतो हे तिलाच ठाऊक नव्हतं. पेपर वाटले तेव्हा तिला तेवीस मार्क होते आणि मी भर वर्गात म्हणाले, "घरी टेबल आहे, दिवा आहे, सगळी सोय आहे. दुसऱ्याला मिळत नाही ते तुला मिळतंय आणि तू बाकावर ढोलकी वाजवतेस?"

सगळ्या वर्गाने एकदम मान खाली घातली.

त्याच आठवड्यात बस्त्यावभाऊ शाळेत आले. माणूस सरळ. म्हणाले, "टीचर, मी हिला अजून एक चान्स देणार नाही हां. गोखिवऱ्याला आपल्या ओळखीच्याचा कारखाना आहे, प्लास्टिकच्या डब्यांचा. पॅकिंगला पोरी घेतात. पास झाली तर खुशाल शिकू दे, नर्स होऊ दे. नापास झाली की जूनपासून कामाला." मी त्यांना आश्वासन दिलं की मुलगी हुशार आहे, फक्त लक्ष देत नाही. तेवढं बोलून मी त्यांना चहा पाजून पाठवलं.

मग तो शनिवार आला. दहावीच्या मुलांकडे मी परीक्षेआधी पुन्हा एक फेरी मारायचे. कुणाकडे जाणार ते शुक्रवारीच वर्गात जाहीर करायचे, म्हणजे पालक घरी थांबतात. दरवेळी शाळा सुटल्यावर आमची अर्ध्या तासाची मीटिंग असायची आणि मी नंतरच्या एसटीने निघायचे. त्या दिवशी हेडमास्तर गावाला गेले होते, मीटिंग झाली नाही. मी आधीची एसटी पकडली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी, पदर डोक्यावर घेऊन बसले. ऊन होतं.

पुढच्या स्टॉपवर गाडी थांबली. मागच्या दारात काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि कंडक्टर मोठ्याने म्हणाला, "ये बाबा ये! आज टेबल कुठे चाललं?"

मी वळून पाहिलं नाही. कान मात्र वळले.

"आगाशीला, काका. देवळाजवळ," मागून एका मुलीचा आवाज आला. आवाज माझ्या वर्गाच्या मॉनिटरचा, स्वप्नालीचा.

"दर शनिवारी फिरतं हे. आता ह्याला पास काढा. माझ्या गाडीत दोनच नियमित प्रवासी, एक हे टेबल आणि एक तुमची ती बाई. टेबल आधीच्या गाडीला, बाई नंतरच्या."

गाडीतली माणसं हसली. मग माझ्या शेजारी बसलेल्या बाईने मला ओळखलं आणि तिने मागे बघून डोळे मोठे केले असावेत, कारण मागचं हसणं एकदम बंद पडलं. मी वळले. निळ्या सनमायकाचं टेबल घडी घालून दांडीला टेकवलं होतं. इस्त्रीचा डाग वरच्या बाजूला. स्वप्नालीच्या मांडीवर दिवा, आणि काखेत गुंडाळी केलेलं वेळापत्रक. त्यावर नाव लिहायची जागा कोरी होती.

"गुड आफ्टरनून, टीचर," स्वप्नाली म्हणाली. दुसरं काय म्हणणार बिचारी!

आगाशीच्या स्टॉपवर आम्ही तिघी उतरलो; मी, स्वप्नाली आणि टेबल. मी टेबल उघडलं आणि रस्त्याच्या कडेला, लिंबूसरबतवाल्याच्या शेजारी, त्यावरच वही ठेवून तिची साक्ष घेतली. टेबल तिच्या मामांच्या इस्त्रीच्या दुकानातलं होतं. शनिवारी दुकान दुपारी बंद असायचं. नववीपासून ते फिरत होतं. तिने त्याचं रीतसर वेळापत्रकही ठेवलं होतं. भिंतीवर लावायच्या वेळापत्रकापेक्षा ते कितीतरी जास्त काटेकोर होतं, आणि पाळलंही जायचं.

"किती घरी गेलं हे?"

"सगळीकडेच टीचर. म्हणजे तीन घरं सोडून. त्यांच्याकडे खरंच आहे."

मला राग यायला हवा होता. खरं सांगते, आधी हसूच येत होतं. मी मनात तिला व्यवस्थापनाचे पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले होते. तेवढ्यात मला दुसरं काहीतरी सुचलं.

"फिलोमिनाकडेही नाही?"

स्वप्नाली पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "तिच्याकडे बँड असतो ना टीचर. लग्नं आहेत तोपर्यंत रोज प्रॅक्टिस असते. पहिल्यापासून तिला अभ्यासिकेत यायचं होतं. पण ती म्हणाली, मी खरं सांगितलं तर सगळ्यांचंच कळेल."

कॅथलिक लग्नांचा हंगाम इथल्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. पावसाळ्यात लग्नं जवळजवळ नाहीतच. दिवाळीच्या सुमारास सुरू होतात, नाताळाआधी काही आठवडे थांबतात, आणि नाताळानंतर जी धडाधड लागतात ती थेट राखेच्या बुधवारापर्यंत. मग ईस्टरपर्यंत उपवासाचा काळ; लग्न नाही, वाजंत्री नाही. मी गेले होते ऑगस्टमध्ये. बँड तेव्हा मुका होता.

सोमवारी संध्याकाळी, कुणाला न सांगता, मी फिलोमिनाच्या घरी गेले. रस्त्यावरूनच ऐकू येत होतं. मोठ्या खोलीत आठ माणसं उभी होती, गालांचे फुगे करून वाजवत होती. ऑगस्टमधला माझा टीपॉय एका धिप्पाड गृहस्थाच्या गळ्यात लटकला होता आणि ते गृहस्थ त्याला दोन्ही बाजूंनी बडवत होते. मला बघून बस्त्यावभाऊंनी हात वर केला. एकेक वाद्य थांबलं. ढोल सगळ्यात शेवटी.

स्वयंपाकघरात, चुलीपासून जरा लांब, गोणपाटावर फिलोमिना बसली होती. कानांत कापूस, मांडीवर वही. बाहेरचं वाजणं थांबलेलं तिला कळलंच नव्हतं. बोटं वहीच्या कडेवर तसाच ताल धरून होती. माझी सावली वहीवर पडली तेव्हा तिने वर पाहिलं आणि पहिली नजर टाकली ती मोठ्या खोलीकडे, ऑगस्टमध्ये टेबल जिथे ठेवलं होतं त्या जागी.

मी बस्त्यावभाऊंना म्हणाले, "भाऊ, या आवाजात पोरीचं गणित कसं होणार? तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

ते रागावले नाहीत. खरंच बुचकळ्यात पडले. म्हणाले, "ही बोलायची ना टीचर. दिवाळीपासून बोलते, बाबा आवाज होतो. मी काय सांगितलं हिला? म्हटलं, तुझी टीचर स्वतः येऊन बघून गेली. घर बघितलं, माणसं बघितली आणि लिहून गेली, सोय उत्तम. एवढी शिकलेली बाई चुकीचं लिहील काय?"

आठही माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांच्या नजरेत काही वाकडं नव्हतं, तेच कठीण गेलं. मुलगी घरी खरं सांगत होती आणि बाप माझ्या अक्षराचा दाखला देऊन तिला गप्प बसवत होता. शाळेत मी तिला त्याच शेऱ्यावरून बोलत होते. दोन्हीकडून तिला मीच गाठलं होतं.

मी पिशवीतून वही काढली. तिथेच, उभ्या उभ्या, 'उत्तम'वर आडवी रेघ मारली, 'सोय नाही' लिहिलं आणि सही केली. बस्त्यावभाऊ म्हणाले, "असं नका करू टीचर, घराची लाज जाईल." मी म्हटलं, "घराची नाही हो भाऊ. ज्याची जायची त्याचीच जातेय."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांसमोर वही ठेवून सगळं सांगितलं. टेबलाचं ऐकताना त्यांच्या मिशा हलत होत्या, पण हसले नाहीत. शेवटी म्हणाले, "बाई, ही वही मी साहेबांना तपासणीत दाखवली होती." मी म्हटलं, "माहीत आहे, सर." ते म्हणाले, "एकच करता येईल. अभ्यासिकेत बाक शिल्लक नाही. तुमची पाळी असते तेव्हाची तुमची खुर्ची आणि टेबल तिला द्या. इतरांच्या पाळीचं मी बघतो." तसं झालं. ती शिक्षकांच्या टेबलाशी वर्गाकडे तोंड करून बसायची, आणि मी दाराशी स्टुलावर. मुलांना वाटायचं, शिक्षा नेमकी कुणाला झाली आहे? मला उत्तर माहीत होतं.

पण उरले होते सहा आठवडे. तीन महिन्यांचं वाजणं सहा आठवड्यांत डोक्यातून निघत नाही. निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात एकोणतीस. सहा मार्क कमी.

मी बस्त्यावभाऊंकडे जाऊन विनवण्या केल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टीचर, शब्द दिलाय मी कारखान्यात. तिने ऑक्टोबरला बसायचं तर बसू दे, मी अडवत नाही. पण घरी बसणार नाही ती." जूनमध्ये ती गोखिवऱ्याला डबे भरायला जाऊ लागली. तिचं एक वर्ष गेलं. ते मी कुणाच्याही माथी मारू शकले नाही, आणि आज इतक्या वर्षांनीही मारत नाही.

जुलैमधली एक दुपार. आमच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात फिलोमिना, हातात डबा आणि गणिताचं पुस्तक. गोखिवऱ्याहून एव्हरशाईन चालत येण्याएवढं जवळ. म्हणाली, "टीचर, ऑक्टोबरचा फॉर्म भरायचाय. शिफ्ट चारला सुटते. तासभर इथे बसू का रोज? घरी पोचेपर्यंत झोप येते."

माझ्या सगळ्या नोकरीत विद्यार्थी माझ्या घरी येण्याची ती पहिलीच वेळ. मला एकदम घामच फुटला. जेवणाच्या टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, त्यावर नवऱ्याच्या फायली, त्यावर मांजर. सोफ्यावर वाळत टाकलेल्या पापड्या. पलंगावर तपासायचे पेपर, कारण मी वर्षानुवर्षं पेपर पलंगावर मांडी घालूनच तपासत आले होते. तिने सगळीकडे नजर फिरवली. हसू दाबत होती, पण दाबलं गेलं नाही.

"टीचर, तुमच्याकडे टेबल नाही?"

"आहे गं. त्याच्यावर मांजर आहे."

ती खाली लादीवर बसली आणि सोडवू लागली. ती ऑक्टोबरपर्यंत येत राहिली. बेचाळीस मार्क मिळवून सुटली, पुढे कॉलेजला गेली, नर्सही झाली. आता मुंबईतल्या हॉस्पिटलात असते आणि माझं ब्लडप्रेशर फोनवरून तपासते. पण मला सांगायचं आहे ते सप्टेंबरातल्या एका दुपारचं.

मी तिच्याजवळ बसून मेथी निवडत होते. मी विचारलं, "फिलू, एक सांग. मी काय खाणार होते का तुम्हाला? टेबल नाही म्हणून मी कुणाला मारलं होतं, की मार्क कापले होते? मग एवढं ओझं एसटीतून घेऊन का हिंडलात सगळे?"

तिने पेन्सिल वहीत ठेवली. तिला मला दुखवायचं नव्हतं, एवढं कळत होतं.

"टीचर, टेबल नसायचं त्या घरी तुम्ही दहा मिनिटांत उठायच्या. भिंतीकडे बघायच्या, लिहायच्या आणि पाणी पिऊन निघायच्या. टेबल असलं की बसायच्या. चहा घ्यायच्या, सगळ्यांशी बोलायच्या. आमच्याकडे तर दीड तास बसलात. माझी आई अजून सांगते सगळ्यांना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा असता तर त्याच्यावर ढकलता आलं असतं. मेथीने कुणाला रडू येत नाही. मुलांशी नातं जोडायला म्हणून मी घरोघरी हिंडत होते, आणि मी जरा जास्त वेळ थांबावं म्हणून मुलं टेबल वाहत होती. हे मी तिला म्हणणार होते, पण ती आधीच वहीत डोकं घालून बसली होती.

"पुढचं उदाहरण घाला ना, टीचर. साडेपाचची बस आहे मला."

मी घातलं. अवघड होतं. ती सोडवत राहिली, खोडत राहिली, मी मेथी निवडत राहिले आणि मधूनमधून आम्ही कारखान्यातल्या मुकादमाला हसत होतो. साडेपाचची बस गेली. सहाची गेली. ती काही उठली नाही.